ज्या ठेक्यात खाली नव्हती

१९८० साली मी आपल्या शाळेत नववीत होते. त्या वर्षी ‘कुर्बानी’ आला आणि गणपतीच्या मांडवात दिवसभर एकच गाणं वाजू लागलं, ‘आप जैसा कोई’. पडद्यावर झीनत अमान, आवाज मात्र नाझिया हसनचा. कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये राहणारी ही मुलगी गाताना अवघी १५ वर्षांची होती. आमच्याच वयाची! संगीतकार बिद्दू मूळचे बंगळूरचे.

आम्ही सहा जणींनी स्नेहसंमेलनात त्यावर नाच बसवायचं ठरवलं. वर्गशिक्षिका नाही म्हणाल्या; मुलींच्या तोंडी असलं गाणं शोभत नाही. हिरमुसून आम्ही संगीताच्या सरांकडे गेलो. त्यांनी गाणं म्हणायला लावलं आणि बाकावर बोटांनी ठेका धरला. दोन आवर्तनं झाली, तसे ते थांबले. “अगं, यात खाली नाहीच, टाळीविना रिकामी सुटणारी जागाच नाही! चारही मात्रांवर ठोका. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, शोधायला नको, कुठूनही पाऊल उचला.” सरांनीच मग बाईंची समजूत घातली.

आम्हाला माहीत असलेल्या भावगीतांतली नायिका वाट बघायची, झुरायची, मनातलं सखीला सांगायची. मला ती गाणी आजही प्रिय आहेत. पण इथे मुलगी थेट त्यालाच सांगत होती, की तुझ्यासारखा कुणी आयुष्यात आला तर काय बहार होईल! गळ्यात कंप नाही, आर्जव नाही, लाजणंही नाही. आवडतोस, म्हणून सांगते, इतकं सरळ.

पुढे कॉलेजात अमेरिकन डिस्को गायिका डॉना समरचं १९७७चं ‘आय फील लव्ह’ ऐकलं. शब्द मोजकेच, तेच पुन्हा पुन्हा. पालुपदाचंच गाणं झालेलं. जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट या निर्मात्यांनी ते म्युनिकमध्ये जवळजवळ सगळं सिंथेसायझरवर उभं केलं. बास ड्रम तेवढा कीथ फोर्सी या वादकाने पायाने वाजवलाय, तोही प्रत्येक मात्रेवर. हे कळलं तेव्हा पहिल्यांदा सरांची बोटं आठवली.

१३ ऑगस्ट २००० रोजी नाझिया गेली, ३५ वर्षांची. बातमी वाचून आमच्या सहा जणींतल्या एकीचा फोन आला. दोघींनाही बोलवेना. मग तिनं रिसीव्हरवर नखानं ठेका धरला, चारही मात्रांवर.