प्रारूप विकास योजनेवर हरकत नोंदवताना: माझा अनुभव

आमच्या नगरपरिषदेची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाल्याची सूचना राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रात आली, तेव्हा गावात तिची फारशी चर्चा झाली नाही. पुढील साधारण 20 वर्षे शहरातील कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ही योजना ठरवते, आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मधील कलम 26 नुसार तिच्यावर हरकती व सूचना देण्यासाठी नागरिकांना 30 दिवसच मिळतात.

योजनेचा नकाशा नगरपरिषदेच्या कार्यालयात भिंतीवर लावलेला होता. रहिवास विभागाचा पिवळा, शेती विभागाचा हिरवा, असे रंग सूची पाहून कळतात. खरी अडचण असते ती नकाशावरची जागा प्रत्यक्षात कोठे आहे हे ओळखण्याची, कारण तेथे सर्व्हे नंबर असतात आणि आपण जागा सांगतो ती पिंपळाच्या पारावरून किंवा जुन्या जिनिंगवरून. म्हणून मी बाजारतळाचा सिटी सर्व्हे नंबर उतरवून घेतला, भूमी अभिलेख कार्यालयातून मिळवलेल्या मालमत्ता पत्रकाशी तो ताडून पाहिला आणि त्या भागाच्या नकाशाच्या प्रतीवर ओळखीची ठिकाणे पेन्सिलीने लिहिली. प्रस्तावित 12 मीटर रुंदीचा रस्ता आठवडे बाजाराच्या मधून जात होता आणि बाजाराचे आरक्षण, म्हणजे बाजारासाठी राखून ठेवलेली जागा, नाल्यापलीकडे गेले होते.

ती प्रत घेऊन बाजाराच्या दिवशी मी भाजी विकणाऱ्या बायकांकडे गेले. पाराची खूण दिसताच त्यांनी आपापली बसण्याची जागा बोटाने दाखवली. एक मावशी म्हणाल्या, "ताई, सातबाऱ्यावर आमचं नाव नाही, आमचं कोण ऐकणार?" कायद्यात मात्र 'कोणतीही व्यक्ती' लेखी हरकत देऊ शकते, जमिनीची मालकी असण्याची अट नाही. ही एवढी गोष्ट लोकांना ठाऊक नसते, आणि ती सांगण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यायलाच हवी असे मला मनापासून वाटते.

सगळ्यांच्या सह्यांचे एकच निवेदन देण्याऐवजी आम्ही वेगवेगळे अर्ज केले. मावशींनी लिहून घेतले की टोपली डोक्यावर घेऊन बसस्थानकावरून त्या पायी येतात आणि पावसाळ्यात नाल्याला पाणी आले की पलीकडे जाता येत नाही. असा मुद्दा कोणत्याही छापील नमुन्यात नसतो. प्रत्येक अर्जावर सर्व्हे नंबर, हरकत आणि हवा असलेला बदल लिहून तो आवक-जावक विभागात दिला व दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. ही पोच जपून ठेवावी, कारण पुढे सुनावणीचे पत्र आले ते मुदतीत लेखी हरकत दिलेल्यांनाच.

कलम 28 नुसार सुनावणी नियोजन समिती घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले, चारपर्यंत, जाणकार असतात. प्रत्येकाला थोडाच वेळ मिळाला, पण नाल्याच्या पाण्याविषयी सदस्यांनी मावशींना उलट प्रश्न विचारले आणि त्यांनी न अडखळता उत्तरे दिली.

बाजाराचे आरक्षण मूळ जागी ठेवावे अशी शिफारस समितीने केली. रस्त्याची रुंदी मात्र कमी झाली नाही. योजनेला अंतिम मंजुरी राज्य शासन देते, त्यामुळे पोचपावत्या आणि सुनावणीची पत्रे जोडून आम्ही शासनाकडेही निवेदन पाठवले आहे, आणि त्याखाली या वेळी किराणा दुकानदारांच्याही सह्या आहेत.