दात घासायची मिश्री

मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी सव्वासात वाजता मी मिरजेतल्या एका रुग्णालयात, शस्त्रक्रियेआधीच्या तयारीच्या खोलीत, जांभळ्या शाईचा मार्कर घेऊन एका शिक्षिकेसमोर उभी होते. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. त्यांचा उल्लेख नुसता ‘बाई’ असा करते, कारण त्यांच्या शाळेतल्या मुलांप्रमाणे मीही त्यांना तशीच हाक मारत असे. बाईंनी दोन्ही हात खांद्याच्या रेषेत धरून कोपरातून वर वाकवले होते आणि दंडांखालची सैल कातडी ओल्या पदरासारखी खाली लोंबत होती. दंडाच्या शस्त्रक्रियेत ही मार्किंगची वीस मिनिटे मला प्रत्यक्ष कापण्याइतकीच महत्त्वाची वाटतात. रुग्ण आडवा झाला की कातडी भलतीकडे कलते, म्हणून काय काढायचे आणि काय ठेवायचे हे रुग्ण जागा आणि ताठ उभा किंवा बसलेला असतानाच चिमटीत धरून ठरवावे लागते.

बाई पहिल्यांदा माझ्याकडे जानेवारीत आल्या होत्या. वय सत्तेचाळीस, तासगावकडच्या एका शाळेत नोकरी. एकेकाळी वजन ११८ किलो होते. जठराचा मोठा भाग काढून टाकणाऱ्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेनंतर ते ६८ वर आले आणि गेले आठ महिने तिथेच टिकून होते. “पोटाची बाही झाली मॅडम, आता ह्या बाह्यांचं काय ते बघा,” असे म्हणून त्यांनी पर्समधून टेप काढली आणि माझ्यासमोर स्वतःचे माप घेतले. त्यांची मनगटे आणि खांदे आता सडपातळ होते, पण दंडाचा घेर अजून जुन्याच मापाचा. शिंप्याने बाही दंडाला बसवली तर ती खांद्यावर फुगायची, खांद्याला बसवली तर दंड आत जायचा नाही. उन्हाळ्यात काखेपासून कोपरापर्यंत घड्या घामाने भिजून लाल व्हायच्या. पण त्यांचे खरे दुखणे फळ्याचे होते. फळ्यावर लिहिताना हात हलला की दंड हलायचा, आणि पहिल्या बाकावरची मुले अक्षराकडे न पाहता दंडाकडे पाहायची. त्यामुळे दोन वर्षे त्या फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहीत होत्या.

जिममधल्या कुणी त्यांना डंबेल्स मारायला सांगितले होते आणि त्यांनी ते चार महिने इमानाने मारलेही होते. त्याने कातडीखालचा स्नायू तयार होतो. ताणून सैल झालेली कातडी मात्र आकसत नाही. नुसती चरबी असेल आणि कातडी ताठ असेल तर लायपोसक्शनने, म्हणजे नळीने चरबी ओढून, काम भागते आणि खुणाही अगदी बारीक राहतात. बाईंची अडचण उलटी होती; चरबी थोडी आणि कातडी फार. व्हिडिओत पाहिलेल्या ‘फक्त काखेत टाके’ या पद्धतीबद्दलही त्यांनी विचारले. ती पद्धत काखेजवळ थोडीशी सैल कातडी असलेल्यांनाच लागू पडते, कोपरापर्यंत झोळ असेल तर नाही, हे मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मग मी त्यांच्याच दंडावर पेनाने काखेपासून कोपरापर्यंत एक रेघ ओढली आणि सांगितले की झोळ जाईल, पण त्याच्या जागी ही रेघ कायमची येईल. पुढच्या आणि मागच्या स्नायूंच्या मधल्या आतल्या खाचेत, जिथे ब्लाउजच्या बाहीची शिवण येते तिथे, ती ठेवण्याचा मी प्रयत्न करीन, म्हणजे हात खाली असताना ती दिसणार नाही. हात वर केला की दिसेल, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर ती वर्षभर तरी लालसर, जाडसर, कधी कधी दोरीसारखी दिसेल. “म्हणजे फळ्यावर लिहिताना दिसणारच,” बाई म्हणाल्या. मी हो म्हटले. त्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “दिसू दे. हलणार तर नाही ना?”

ही रेघ पेनाने ओढून दाखवायची सवय मला फार उशिरा लागली, आणि ती ओढल्यावर जे घरी जाऊन परत येत नाहीत त्यांच्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

पैशांचा विषयही तेव्हाच काढला. पोटाच्या शस्त्रक्रियेचा खर्च त्यांच्या यजमानांच्या मेडिक्लेमने दिला होता, म्हणून याचाही मिळेल असे दोघांनी धरले होते. सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया पॉलिसीत बसत नाही, शिवाय एरवी रुग्णालयाच्या उपचारांना न लागणारा १८ टक्के जीएसटी हिच्यावर लागतो, हे ऐकून यजमानांनी मोबाइलवर गणित केले आणि काही न बोलता तो खिशात टाकला.

रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ९.२ निघाले. जठर लहान केल्यावर लोह आणि बी-१२ नीट मिळत नाही आणि जेवणात प्रथिने कमी पडतात, त्यामुळे असे रुग्ण बाहेरून बारीक आणि छान दिसले तरी जखम भरून काढायला शरीरात शिल्लक फारशी नसते. तीन महिने लोहाची इंजेक्शने, बी-१२, रोज अंडी आणि डाळ, असे करून हिमोग्लोबिन ११.४ वर आणले. शाळेला सुट्टी म्हणून तारीख मे महिन्यातली ठरली. केस पेपरवर व्यसनांच्या रकान्यात माझ्याच अक्षरात ‘नाही’ असे लिहिले होते. “सिगारेट, तंबाखू, दारू?” असे मी एका दमात विचारले होते आणि बाई हसून “छे हो मॅडम” म्हणाल्या होत्या.

तर त्या सोमवारी डाव्या दंडावरच्या रेषा पूर्ण करून मी उजवीकडे आले. हात वर धरल्यामुळे त्यांची बोटे थेट माझ्या डोळ्यांसमोर होती. उजव्या तर्जनीच्या टोकाला, नखाच्या कडेने आणि पेराच्या बारीक भेगांतून, काळपट तपकिरी रंग मुरलेला दिसला. मेंदी नव्हती, हळदही नव्हती. “बाई, बोटाला काय लागलंय?” मी विचारले. “ते होय, मिसरी लावली मघाशी,” त्या सहज म्हणाल्या. “पाणीसुद्धा प्यायले नाही हां, चूळ भरून टाकली. तुम्ही सांगितलं होतं ना, उपाशी राहायचं.”

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेला तंबाखू. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत तिची डबी न्हाणीघराच्या कोनाड्यात असते आणि सासूकडून सुनेकडे जाते. बाईंना लग्नानंतर सासूबाईंनी लावायला शिकवली होती. सकाळी, दुपारच्या जेवणानंतर आणि रात्री, अशी सव्वीस वर्षे त्या ती लावत होत्या. “पण तंबाखू विचारला होता की मी,” माझ्या तोंडून निघून गेले. बाई खरोखरच गोंधळल्या. “तंबाखू खातात मॅडम. हे दात घासायचं आहे.”

भाजल्याने तंबाखूतले निकोटिन नाहीसे होत नाही, आणि हिरडीतून ते रक्तात चांगलेच उतरते. निकोटिनने कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. दंडाच्या शस्त्रक्रियेत कातडी खालच्या थरापासून सोडवून, ताणून, कडेला कड जुळवून शिवायची असते. त्या कडांना रक्त पोचण्याचे मार्ग आधीच कमी झालेले असतात, त्यात निकोटिनची भर पडली तर कड काळी पडते आणि टाके उसवतात. काही वर्षांपूर्वी पोटाच्या अशाच एका शस्त्रक्रियेनंतर बेंबीखालचा तळहाताएवढा भाग माझ्या डोळ्यांदेखत काळा पडला होता. त्या रुग्णाने जर्दा माझ्यापासून लपवला होता. बाईंनी काहीच लपवले नव्हते. माझा प्रश्नच चुकीचा होता, आणि बोटावर डाग घेऊन त्या जानेवारीपासून चार वेळा माझ्यासमोर बसून गेल्या होत्या.

भूलतज्ज्ञांशी दोन मिनिटे बोलले आणि शस्त्रक्रिया रद्द केली. निदान चार आठवडे तंबाखू पूर्ण बंद असल्याशिवाय मी कात्री लावणार नाही, असे बाईंना सांगितले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. यजमान मात्र संतापले. “एवढ्याशा मिसरीसाठी? घरात सगळ्या बायका लावतात, बाळंतपणं झाली, ऑपरेशनं झाली, कुणाला काही झालं नाही.” त्यांचा राग अस्थानी नव्हता. त्यांनी रजा घेतली होती, खोलीचे पैसे भरले होते, आणि चार आठवडे थांबायचे म्हणजे शाळा सुरू होणार, म्हणजे थेट दिवाळीची सुट्टी. खोलीचे पैसे मी परत मिळवून दिले; सुट्टी परत देणे माझ्या हातात नव्हते. स्पिरिटने पुसूनही रेषा पूर्ण गेल्या नाहीत. लांब बाह्यांच्या ब्लाउजखाली दोन्ही दंडांवर फिकट जांभळा नकाशा घेऊन बाई तासगावला परत गेल्या.

त्या आठवड्यात मी केस पेपरच्या छापील नमुन्यात व्यसनांच्या वर एक ओळ वाढवली: ‘दात कशाने घासता?’ आमच्या सिस्टर सुरुवातीला हसल्या. पहिल्या महिन्यातच तीन जणींनी मिश्री आणि एकीने तपकीर असे उत्तर दिले; चौघींनीही त्याच्या खालच्या ओळीत ‘व्यसन नाही’ असेच सांगितले होते.

मिश्री सोडणे बाईंना जड गेले. मधूनमधून त्या फोन करायच्या. डोके दुखते, चिडचिड होते, आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे मिसरीशिवाय पोट साफ होत नाही. मी इसबगोल आणि निकोटिन नसलेले दंतमंजन सांगितले. निकोटिनची च्युइंगम एरवी सोडायला मदत करते, पण इथे निकोटिनच नको असल्यामुळे तिचा आधार शस्त्रक्रियेच्या आधीच्या महिन्यात घेता आला नसता. नोव्हेंबरमध्ये बाई आल्या तेव्हा मी बोट पाहिले नाही. लघवीत निकोटिनचा अंश दाखवणारी पट्टी वापरली. तिच्यावर निकोटिन आढळले नाही.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन केली आणि ती साडेतीन तास चालली. रक्तदाबाचा पट्टा पायाला बांधला. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून आधी सलाइनमध्ये ॲड्रिनलिन मिसळून ते कातडीखाली सोडले. या शस्त्रक्रियेत सगळी कातडी एकदम काढून मग शिवायला घेणे धोक्याचे, कारण दंड टेबलावरच सुजतो आणि कडा जुळेनाशा होतात. म्हणून मी चार बोटे काढते, तेवढे जुळवते आणि मगच पुढे सरकते. काखेत रेषा सरळ न नेता नागमोडी वळवली, नाहीतर पुढे तिथे दोरीसारखा पट्टा ताणला जाऊन हात वर जात नाही. कोपराकडच्या भागात खोल आवरणावर चरबीचा पातळ थर मुद्दाम ठेवला, कारण हाताच्या आतल्या बाजूला संवेदना देणारी नस तिथेच वर येते. दोन्ही बाजूंची मिळून जेमतेम नऊशे ग्रॅम कातडी आणि चरबी निघाली. बाईंना नंतर तो आकडा फारच कमी वाटला.

पुढचे दिवस कंटाळवाणे होते आणि ते तसेच असतात. तिसऱ्या दिवशी ड्रेन, म्हणजे जखमेत साचणारे पाणी बाहेर नेणाऱ्या नळ्या, काढल्या. पंजे सुजले म्हणून हात उशांवर उंच ठेवायचे. सहा आठवडे घट्ट बाह्यांचे प्रेशर गारमेंट, तेही दिवसरात्र. तेवढेच दिवस पाण्याची कळशी उचलायची नाही. पहिले दोन आठवडे बाईंची वेणी मुलीने घातली आणि साडीही तिनेच नेसवली. दुखणे गोळ्यांनी आटोक्यात होते, पण शिंकताना दोन्ही हात आपोआप वर जातात हे मला कुणी सांगितले नव्हते, अशी तक्रार त्यांनी केली, आणि ती मी पुढच्या रुग्णांसाठी लिहून ठेवली. दिवाळीची सुट्टी अपुरी पडली, म्हणून आणखी वैद्यकीय रजा घ्यावी लागली. शाळेत रुजू झाल्यावरही काही दिवस फळ्यावर लिहायचे काम सातवीतल्या एका मुलीकडे होते.

दहाव्या दिवशी उजव्या काखेत दोन सेंटिमीटर जखम उघडली. काख ओली असते, तिथे ताण सर्वांत जास्त येतो, आणि कितीही काळजी घेतली तरी तिथला टाका कधी कधी दगा देतो. ड्रेसिंगवर तीन आठवड्यांत ती भरली. पण त्या दिवशी बाईंनी मला सरळ विचारले, “मग मिसरी सोडून काय उपयोग झाला?” मी म्हटले की कडा गुलाबी आहेत, काळ्या नाहीत, म्हणून ही भरेल. त्यांना ते पटले असे मला वाटले नाही, आणि त्यांच्या जागी मलाही पटले नसते.

तिसऱ्या महिन्यात व्रण लाल आणि फुगीर झाला तेव्हा त्या पुन्हा नाराज झाल्या. सिलिकॉन जेल, रोज दहा मिनिटे बोटाने दाबून मालिश, उन्हापासून बचाव, असे चालू ठेवले. वर्षाच्या तपासणीला तो सपाट झाला होता, रंगाने कातडीहून गडद आणि काखेजवळ थोडा रुंद. ब्लाउजची बाही कोपराच्या वर गेली होती. शिंपी पहिल्यांदा चुकला, कारण त्याने जुनेच माप धरले होते.

जाता जाता बाईंनी डाव्या हाताचा कोपराखालचा आतला भाग पुढे केला आणि म्हणाल्या की इथे अजून बधिर आहे. मी कापसाच्या टोकाने तपासले. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या भागात स्पर्श अर्धवटच कळत होता. नस तुटलेली नसावी, पण ताणली गेली असणार. एवढ्या काळानंतर आणखी किती सुधारेल ते सांगता येत नाही, कदाचित हे असेच राहील, असे मी म्हटले आणि विचारले, “भाकरी तुम्हीच करता का?” “मीच की,” त्या म्हणाल्या, आणि हात वळवून त्यांनी मला तिथली तव्याच्या कडेची जुनी, कळलीच नव्हती अशी भाजल्याची खूण दाखवली.