चिपळूणहून सरकारी क्लाउड खरेदीपर्यंत : ऑडिटच्या वाटेचा वृत्तांत

नगरपरिषदा आणि ग्रामपंचायतींच्या पाणीपट्टी-घरपट्टीची आकारणी व वसुली करणारी आमची क्लाउड सेवा सरकारी खरेदीच्या अटींत बसवून घेण्याचे काम नुकतेच संपले. निघताना एका सल्लागाराने सांगितले होते की, सर्व्हर सरकारी यादीतल्या क्लाउड कंपनीकडे असले म्हणजे सुरक्षेची कागदपत्रे आपोआप मिळतात. हे साफ खोटे आहे. चिपळूण, रत्नागिरी किंवा कणकवलीहून जे याच वाटेने निघणार असतील, त्यांनी हे वाक्य ऐकताच त्या सल्लागाराचा निरोप घ्यावा.

केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची, म्हणजे मेइटीची, यादी ही क्लाउड पुरवणाऱ्या कंपन्यांची आहे. त्यांची डेटा सेंटरे भारतात असावी लागतात आणि एसटीक्यूसी, म्हणजे मंत्रालयाची गुणवत्ता तपासणारी यंत्रणा, त्यांचे ऑडिट करते. तिथेही मान्यता ठरावीक सेवांना आणि ठरावीक डेटा सेंटरांना असते, कंपनीच्या दरपत्रकातील प्रत्येक वस्तूला नसते. त्यामुळे बॅकअप कोणत्या रीजनमध्ये, म्हणजे कोणत्या भागातल्या डेटा सेंटरांत, जातो आणि बिलाचे ईमेल-एसएमएस कोणाच्या सेवेतून जातात, हे एकेक करून यादीशी ताडून पाहावे. त्या सर्व्हरवर चालणारे ॲप्लिकेशन मात्र सर्वस्वी आपली जबाबदारी राहते आणि त्याचे ऑडिट सर्ट-इनने, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, मान्यता दिलेल्या संस्थेकडूनच करून घ्यावे लागते.

सगळा घाम या एका टप्प्यावर निघतो. दरपत्रक मागताना संस्था पाने किती, एपीआय (इतर प्रणालींशी माहितीची देवाणघेवाण करणारे दुवे) किती आणि वापरकर्त्यांचे प्रकार किती, असे विचारते. आमच्याकडे नागरिक, लिपिक, मुख्याधिकारी आणि प्रशासक असे चार प्रकार आहेत. दर ठरल्यानंतर एकच पान चार प्रकारांसाठी चार पाने म्हणून मोजले गेले आणि वाढीव बिल समोर आले. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, कारण दरपत्रकातला आकडा कराविना होता. त्याहून वाईट प्रकार फेरतपासणीचा. पहिल्या अहवालातील त्रुटी दुरुस्त करून परत दाखवण्यासाठी ठरावीक मुदत असते, हे कराराच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत होते. ती मुदत नेमकी गणपतीत आली, आमची माणसे आपापल्या गावी होती, आणि सणानंतर पाठवलेली दुरुस्ती ‘नवे ऑडिट’ म्हणून आकारली गेली. याला लूट म्हणतात, दुसरा शब्द मला सापडत नाही. म्हणून पाने कशी मोजणार, किती फेरतपासण्या दरात धरल्या आहेत आणि मुदत कधीपासून सुरू होते, या तीन गोष्टी कार्यादेशातच लिहून घ्याव्यात, आणि कोकणातल्यांनी श्रावण उलटण्यापूर्वी फेरतपासणी उरकावी.

ऑडिटर काय शोधतो, याचे गूढ नाही. ओवास्प ही वेब सुरक्षेवर काम करणारी संस्था आहे; तिच्या ‘टॉप टेन’ त्रुटींच्या २०२१ च्या यादीत पहिला क्रमांक प्रवेशनियंत्रणातील, म्हणजे कोणाला काय दिसावे हे ठरवण्यातील, त्रुटींचा आहे. पत्त्याच्या ओळीतला नळजोडणी क्रमांक बदलल्यावर शेजाऱ्याचे बिल उघडते का, हे आधी आपणच करून पाहावे. ऑडिटनंतर हाती येणारे ‘सेफ टू होस्ट’ (सर्व्हरवर चढवण्यास सुरक्षित) प्रमाणपत्र तपासलेल्या आवृत्तीपुरतेच असते. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात नगरपरिषदेने क्यूआर कोडने भरणा मागितला, तर तो ऑडिटपूर्वी जोडावा किंवा पुढच्या वर्षावर ढकलावा. मधला मार्ग खर्चाचा आहे.

सर्ट-इनचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देशही बारकाईने वाचावेत. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे, लॉग (प्रणालीतील घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपणे आणि सर्व्हरची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवणे, या त्यातल्या तीन मुख्य अपेक्षा आहेत. महामार्गाच्या खोदकामात फायबर तुटून कार्यालय ठप्प असताना ६ तासांची अट कशी पाळणार, याची लेखी तजवीज ठेवावी. वेगळ्या कंपनीचे मोबाइल इंटरनेट पुरते.

आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकासाठी त्या मानाने हाल झाले नाहीत. २०२२ च्या आवृत्तीत ९३ नियंत्रणे आहेत, प्रमाणपत्र तीन वर्षांचे असते आणि दरवर्षी देखरेख ऑडिट होते. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला एनएबीसीबीसारख्या, म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना मान्यता देणाऱ्या, मंडळाची मान्यता आहे का, एवढे तपासावे. ‘आठवड्यात घरपोच’ मिळणारे स्वस्त प्रमाणपत्र निविदेत टिकत नाही. ऑडिटरने पुराच्या धोक्याबद्दल विचारले, तेव्हा २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूण शहरात कुठवर आले होते, एवढेच दाखवले.

ऑडिटसाठी मुंबईला मात्र जाऊ नये. सगळी तपासणी दुरून होते, फक्त ऑडिटरच्या संगणकांचे आयपी पत्ते फायरवॉलमध्ये (बाहेरून येणारी वाहतूक अडवणाऱ्या भिंतीत) मोकळे करावे लागतात. प्रत्यक्ष बैठकीचा आग्रह धरणाऱ्यांना, कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक सुरू असेल तेव्हा तर, सरळ नकार द्यावा.

शेवटी ‘जेम’ या सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारपेठेवरची नोंदणी. उद्यम (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) प्रमाणपत्र असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांना बयाणा रकमेतून सूट मिळते, ती सोडू नये. एकाच ग्रामपंचायतीच्या कामासाठी हा खटाटोप अजिबात परवडत नाही. निदान तीन-चार नगरपरिषदा पक्क्या असतील आणि दरवर्षीच्या ऑडिटचा खर्च आपल्या दरात आधीच धरला असेल, तरच निघावे.