निळं दिसलं म्हणून तांबं नव्हे

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते, ठाण्यातल्या कॉलेजात. परीक्षेआधीचं शेवटचं प्रॅक्टिकल. दिलेल्या सॉल्टमध्ये (क्षारात) कोणता धातू आहे ते ओळखायचं होतं. वाट्याला आलेलं सॉल्ट हिरवं होतं. पाण्यात चटकन विरघळलं. मी थेट त्याच द्रावणात अमोनिया टाकला. आधी हिरवट अवक्षेप (न विरघळणारा साका) आला, आणखी अमोनिया टाकल्यावर तो विरघळून द्रावण निळं झालं. झालं, जर्नलमध्ये लिहून टाकलं: कॉपर! कॉपर क्लोराइडही हिरवं असतं, त्यामुळे शंकाच आली नाही.

मॅडमनी वाचलं आणि विचारलं, "दुसऱ्या ग्रुपला काय आलं गं?"

ठरलेल्या क्रमाने रसायनं टाकत धातूंचा एकेक गट तपासायचा, ते हे ग्रुप. मी ते केलेच नव्हते.

मग पहिल्यापासून सुरुवात केली. सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडने काहीच आलं नाही, म्हणजे शिसं, चांदी नाही. त्याच आम्लयुक्त द्रावणात हायड्रोजन सल्फाइड सोडला. कुजक्या अंड्यांच्या वासाने डोकं भणभणलं, पण नळीत काळं काही पडेना. तांबं असतं तर इथेच काळा अवक्षेप पडायला हवा होता. तिसऱ्या ग्रुपलाही काही नाही. चौथ्या ग्रुपला मात्र, अमोनियायुक्त द्रावणात तोच वायू सोडताच नळी काळीकुट्ट झाली. म्हणजे निकेल किंवा कोबाल्ट. कोबाल्टचं द्रावण गुलाबी असतं, माझं हिरवं होतं.

तेव्हा आठवलं, मामाच्या वागळे इस्टेटमधल्या प्लेटिंगच्या गाळ्यात निकेलच्या टाकीतलं पाणी अगदी असंच हिरवं! लहानपणापासून बघत आले होते.

मग मूळ द्रावणाची वेगळी नळी घेऊन पोटॅशियम फेरोसायनाइड टाकलं. तांब्याला चॉकलेटी रंगाचा अवक्षेप येतो, मला फिकट हिरवट आला. माझी पहिली नळीही खिडकीशी नेऊन पाहिली. बाहेर पाऊस होता, आत ट्यूबलाइट, त्या उजेडात सगळी निळी सारखीच वाटत होती. खिडकीत दिसलं, माझ्या निळ्यात जांभळी झाक आहे. शेजारच्या मैत्रिणीचं तांब्याचं निळं गडद, शाईसारखं होतं. मला वाटतं, रंगाच्या चाचण्या शिकवताना हे दोन रंग एकदा शेजारी ठेवून दाखवायलाच हवेत.

आता शेवटची खात्री. काळा अवक्षेप ॲक्वा रेजियात (तीव्र हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक ॲसिडच्या मिश्रणात) विरघळवला, बशीत आटवला, पाण्यात घेतला, अमोनिया टाकला आणि वर डायमिथिल ग्लायॉक्झाइमचे थेंब. हे अभिकारक निकेल ओळखण्यासाठी चुगायेव या रशियन रसायनशास्त्रज्ञाने १९०५ साली सुचवलं. पहिल्या थेंबालाच नळी गुलाबी-लाल झाली. इतका स्वच्छ रंग मी प्रयोगशाळेत त्याआधी पाहिला नव्हता.

मॅडम म्हणाल्या, "आता त्यात ॲसिड टाकून बघ." टाकलं. लाल रंग नाहीसा झाला. मग अमोनिया टाकत गेले, आणि तो परत आला.