समास वाचलात, आता वहीत उतरवा

सातारच्या बाजूला समर्थ रामदासांचा दासबोध वाचणारं घर शोधावं लागत नाही. सज्जनगड नजरेसमोर, 200 समास (म्हणजे प्रकरणं) ओळखीचे, द्वैत-अद्वैतावर तासभर बोलायची तयारी. एकोणिसाव्या दशकाचा (दशक म्हणजे दहा समासांचा भाग) पहिला समास मात्र लोक भरभर उलटून टाकतात. त्यात ब्रह्म-माया नाही, अक्षर कसं काढावं ते आहे. मला तो साधनेचा समास वाटतो, कारण तो केला की नाही हे कागदावर दिसतं.

रेघी वही, शाईचं पेन, सकाळची 20 मिनिटं, रोज 5 ओव्या. एक चरण वाचायचा, मनात धरायचा, मग पोथीकडे न बघता लिहायचा. शब्दागणिक मान वर केलीत तर ती नुसती नक्कल होते. लिहून झालं की पहिली आणि शेवटची ओळ ताडून बघा. सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं, ही समर्थांची कसोटी. बहुधा तिसऱ्या-चौथ्या ओवीपाशी काने तिरपे होतात, खालच्या ओळीची मात्रा वरच्या उकाराला भिडते. मन तिथून उठून गेलेलं असतं. समासात (वहीच्या!) बारीकशी खूण करा, खाडाखोड नको.

पहिल्याच दिवशी अख्खा समास उतरवणाऱ्याचा हात चौथ्या दिवशी दुखतो आणि वही मिटते. चुकलेल्या दिवसाच्या ओव्या दुसऱ्या दिवशी भरून काढू नका, त्यात गिचमिड होते. अक्षर मध्यम ठेवा. तरुणपणी काढलेलं फार बारीक अक्षर म्हातारपणी कामाला येत नाही, हेही समर्थांनीच बजावलंय.

महिनाभर हे जमलं की मनाच्या श्लोकांतला सातवा घ्या: दुसऱ्याचं टोचून बोलणं सोसावं, आपण नम्र बोलावं. दिवसभर पाळायला जाऊ नका. एकच जागा ठरवा, समजा एसटीत सुट्ट्या पैशांवरून होणारी बोलाचाली. समोरच्याचं वाक्य पुरतं संपू द्या, एक श्वास घ्या, मग हळू आवाजात उत्तर द्या. आठवडाभर एवढंच. यात एक धोका आहे: बाहेर गिळलेला राग घरी पोरांवर निघतो. ते सोसणं नव्हे, नुसतं दाबणं. म्हणून रात्री त्याच वहीत दोन खुणा करा, एक एसटीची, एक घरची. घरची खूण आधी.