टिळक आळीतून थिबा राजवाड्यावर

रत्नागिरीत सकाळी आधी टिळक आळीत गेले. लोकमान्यांचं जन्मघर पाहून बाहेर आले आणि रिक्षावाल्याला म्हटलं, "थिबा पॅलेस." काही मिनिटांचाच रस्ता, पण त्या दोन घरांची गाठ मनातून सुटेना.

टिळकांचा जन्म १८५६ चा, इथला. ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा याचा १८५९ चा, त्याची राजधानी मंडालेचा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी पंधरवड्यात मंडाले घेतलं. निमित्त सागवानाचं: बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला थिबाच्या दरबाराने केलेला दंड. राजाची फ्रान्सशी वाढती जवळीक इंग्रजांना त्याहून जास्त खुपत होती. सव्वीस वर्षांच्या राजाला राणी सुपायालात आणि मुलींसह बोटीवर चढवलं, मद्रासला ठेवलं आणि एप्रिल १८८६ मध्ये इथे आणलं. तेव्हा रत्नागिरीला रेल्वे नव्हती, पावसाळ्यात बोटीही बंद. राजाला जगापासून तोडायला याहून सोयीचं गाव कुठलं?

राजवाडा भव्य आहे, पण मला तो बघवेना. उतरती छपरं, कोरीव लाकडी कमानींच्या खिडक्या, समोर भाट्याची खाडी आणि पुढे समुद्र. थिबा दुर्बिणीतून जाणाऱ्या बोटी पाहायचा, असं सांगतात. हा वाडा त्याला मिळाला १९१० साली, म्हणजे इथे आल्यावर चोवीस वर्षांनी. तोवर बंगल्यांतच दिवस काढले.

आणि तेव्हा टिळक कुठे होते? मंडालेत! १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ज्या किल्ल्यातून थिबाला बाहेर काढलं, त्याच किल्ल्यातल्या तुरुंगात रत्नागिरीचा हा माणूस नेऊन ठेवला. थिबा नव्या वाड्यात आला त्याच हिवाळ्यात तिकडे टिळक पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहीत होते. १९१२ साली टिळकांची पत्नी सत्यभामाबाई गेल्या, टिळक मंडालेत. त्याच साली थिबाची धाकटी राणी रत्नागिरीत गेली. एकाला घरी जाता आलं नाही, दुसऱ्याला घरच उरलं नव्हतं. वरच्या सज्जात हे आठवलं आणि पाय तिथेच थबकले.

टिळक १९१४ मध्ये सुटले. डिसेंबर १९१६ मध्ये ते लखनौच्या काँग्रेसमध्ये होते. त्याच महिन्यात थिबाने इथे प्राण सोडला. त्याचा देह मायदेशी नेऊ द्या, ही सुपायालातची विनंती सरकारने मानली नाही. १९१९ मध्ये ती त्याच्याविना रंगूनला परतली. थोरली राजकन्या मात्र पुढे पुन्हा रत्नागिरीत आली. तिची मुलगी टूटू इथेच वाढली, मराठीच बोलायची, इथेच संसार करून इथेच गेली.

संध्याकाळी थिबाच्या समाधीवर गेले. आजूबाजूला घरं, दोरीवर वाळत घातलेले कपडे. एका काकूंनी गेटकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "आमच्या राजाची ना? या, या."