परसातला रातांबा: यंदाच्या हंगामाची नोंद

कोकमाच्या ‘कोकण अमृता’ जातीच्या दोन्ही कलमांवर यंदा प्रथमच नाव घ्यावं इतके रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, लागले. त्याहून मोठा आनंद म्हणजे बहुतेक फळ मेच्या मध्यापर्यंत उतरवून झालं. कुंपणाजवळचं बियांपासून वाढलेलं जुनं झाड याच्या चौपट देतं, पण पिकतं ते नेमकं मिरगाच्या तोंडावर. "पावस लागलो की रातांबो गेलो," असं आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात ते सोळा आणे खरं. भिजलेलं फळ झाडावरच कुजतं, आणि चुकून हाती लागलंच तर सोलं (आमसुलं) वाळवायला ऊन कुठून आणायचं? दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1997 साली कोकण अमृता ही जात दिली, ती लवकर तयार होते म्हणूनच मी घेतली. कोकण हातिस या दुसऱ्या जातीचं फळ मोठं, दिसायला झकास. तरी जागा एकाच झाडाची असेल तर आधी काढणी कधी होते ते विचारा, मग फळाचा आकार.

बांधावरच्या रोपाने थंडीत पहिली फुलं दाखवली. लांब देठांची, झुपक्याने, मधोमध नुसते पुंकेसर. म्हणजे नर! बी लावलं की साधारण निम्मी झाडं नर निघतात आणि फुलेपर्यंत सहा-सात वर्षं कळत नाही, कलम घ्यायचं मुख्य कारण तेच. घरच्यांनी कोयता काढलाच होता; मी आडवा आलो. परागकणांसाठी आसपास एखादा नर हवाच.

आता कलमाच्या वळणाबद्दल, कारण नवीन मंडळी इथेच फसतात. कलमाची काडी झाडाच्या उभ्या शेंड्याची असेल तर झाड सरळ वर जातं. आडव्या फांदीची असेल तर ते कलमही आडवंच पसरत राहतं. माझ्या दोन कलमांत हा फरक लांबूनही दिसतो: एक माणसाच्या उंचीच्या वर गेलं, दुसरं अजून जमिनीशी गप्पा मारतंय. त्याला काठी बांधली आहे, खालच्या लोळणाऱ्या फांद्या छाटल्या आहेत, पण आडवं पसरायची मूळची खोड मोडेलसं वाटत नाही. रोपवाटिकेत उंची बघू नका, शेंडा उभा आहे का ते बघा. कलमाच्या जोडाखाली खुंटाला (ज्या रोपावर कलम बांधलं त्याला) फूट आली तर लगेच खुडायची. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी आणि नारळीची विरळ सावली, एवढ्यावर रातांबा खूश असतो. खताचं कौतुक नको, शेणखत आणि पालापाचोळा पुरे.

वांदरांनी त्यांचा वाटा नेला. त्यावर उपाय सुचवू नका, सगळे करून झाले.

फळाचे तीन वाटे केले. मोठा वाटा आमसुलांचा: फळं फोडून बिया आणि गर वेगळा काढायचा, साली उन्हात सुकवायच्या, मग गराच्या रसात मीठ घालून त्यात बुडवून पुन्हा उन्हात. अशी चार-पाच पुटं दिली की सोलं काळीभोर, मऊ आणि चिकट होतात. बाजारातली कडक, फिकट सोलं एका पुटावर उरकलेली असतात, असा माझा पक्का संशय आहे. दुसरा वाटा आगळाचा, म्हणजे मीठ घालून टिकवलेल्या रसाचा, किलोभर फळाला दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम मीठ. यात हात आखडला तर बुरशी आलीच. तिसरा अमृत कोकमाचा, म्हणजे सरबताच्या पाकाचा: सालींच्या वाट्यांत दुप्पट साखर भरून बरणी आठवडाभर उन्हात. भांडं चिनीमातीचं किंवा काचेचं घ्या, आंबटपणा धातूला खातो. यंदा भाजलेल्या जिऱ्याची पूड पाकात सरबत करतेवेळी घातली, आधी बरणीत नाही. वास जास्त ताजा राहिला.

बिया धुऊन, खडखडीत वाळवून डब्यात भरल्या आहेत. त्या कुटून, पाण्यात उकळून मुठेल (कोकमाचं तेल) काढायचं ते दिवाळीनंतर: थंडीत तेल वर आलं की लवकर घट्ट होतं, गोळे वळायला सोपं जातं, आणि टाचांच्या भेगांनाही ते तेव्हाच लागतं.